निवडलेला, नेमलेला आणि विसरलेला

एल्डन वोंद्रा मक्यात बुडून मेला त्याला चौदा मार्चला तीन वर्षं पुरी होणार होती. त्याच्या बायकोला, आर्लीनला, ती तारीख मुद्दाम लक्षात ठेवावी लागत नसे, कारण ती कायद्यानेच लक्षात ठेवली होती. कुणाच्या हलगर्जीपणानं माणूस दगावला तर खटला तीन वर्षांच्या आत गुदरावा लागतो. एक दिवस वर गेला की मेलेला नुसताच मेलेला राहतो, मारणारा कुणी उरत नाही.

मारणारा कोण, याबद्दल ड्रॅगो काउंटीत फारसा वाद नव्हता. सहकारी संस्थेच्या उंच कोठीत मका दमट होऊन थिजला होता, तो फोडायला एल्डनला आत उतरवलं. आत माणूस असला की तळाचं, धान्य खाली ओढणारं यंत्र बंद करायचं, त्याला कुलूप घालायचं आणि किल्ली उतरणाऱ्याच्या खिशात द्यायची, असा नियम. त्या दिवशी बाहेर एकतीस ट्रक रांगेत होते. संस्थेचा मॅनेजर रॉजर ब्लाहा म्हणाला, ‘‘चालू राहू दे.’’ ते चालू राहिलं. हे चौघांनी ऐकलं होतं आणि चौघांनीही लिहून दिलं होतं, कारण तोवर ते भांबावलेले होते. सावरले असते तर कदाचित लिहून दिलं नसतं.

खटला भरायचा तो काउंटीच्या सरकारी वकिलानं. तो डुएन ब्लाहा, म्हणजे रॉजरचा चुलतभाऊ. डुएन तसा सरळ माणूस. ‘‘माझ्याच भावकीतलं प्रकरण आहे, मी हात लावणं बरं दिसणार नाही,’’ म्हणून त्यानं फाइल वर पाठवली. वर म्हणजे राजधानीत, राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे. काउंटीत त्याला ‘मोठा वकील’ म्हणत आणि डुएनला नुसतं डुएन.

मोठा वकील लोकांनी निवडून दिलेला होता. त्यानं फाइल चौदा महिने ‘विचाराधीन’ ठेवली, कारण त्याला पुढं गव्हर्नर व्हायचं होतं आणि राज्यात सहकारी संस्थांचे सभासद दीड लाख होते. मग त्याला त्याहून बरं काही मिळालं, वॉशिंग्टननं त्याला जज्ज नेमलं. उरलेल्या मुदतीसाठी गव्हर्नरनं दुसरा नेमला. अशा रीतीनं निवडणुकीच्या खुर्चीवर नेमणुकीचा माणूस बसला, आणि येत्या नोव्हेंबरात त्याला त्याच खुर्चीसाठी निवडून यायचं होतं. त्यानंही फाइल विचाराधीन ठेवली. विचार कोण करतंय हे मात्र विचारायची सोय नव्हती.

आर्लीन दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी राजधानीत फोन करी. फोनवरची मुलगी गोड बोले. आर्लीनही गोड बोले. दाढ काढताना डॉक्टर इंजेक्शन देतो आणि अर्धा गाल आपला राहत नाही, तसं तिचं गेली तीन वर्षं चाललं होतं. गाल हलत होता, बोलणं होत होतं, दुखत काहीच नव्हतं. एल्डनच्या थोरल्या बहिणीला, डेलोरसला, याची काळजी वाटे. ‘‘एकदा बस आणि रड बरं मोकळी,’’ ती म्हणे. आर्लीन म्हणे, ‘‘बघते.’’

त्या जानेवारीत विधानसभेत एक विधेयक आलं. मोठा वकील लोकांनी निवडायचा की गव्हर्नरनं नेमायचा? दीडशे वर्षं निवडत आले होते, आता नेमावा असं काहींचं म्हणणं पडलं. राज्यभर दोन समित्या उभ्या राहिल्या. दोघींनाही एक उदाहरण हवं होतं, आणि दोघींना एकच सापडलं.

पहिली आली नेमणूकवाल्यांची टेसा ओल्डफील्ड, टापटीप, बर्फातून आली तरी बुटांना चिखल नाही. स्वयंपाकघरात टेबलाशी बसून तिनं जर्दाळू भरलेली दोन कोलाची, म्हणजे गोड पाव, खाल्ली आणि आर्लीनच्या हातावर हात ठेवला.

‘‘मिसेस वोंद्रा, तुमच्या यजमानांच्या बाबतीत न्याय का झाला नाही? तर मोठा वकील मतांसाठी लाचार होता म्हणून. नेमलेला असता तर कुणाच्या बापाला भ्याला नसता.’’

‘‘आत्ताचा नेमलेलाच आहे,’’ आर्लीन म्हणाली.

‘‘हो, पण त्याला निवडून यायचंय ना.’’

‘‘मग फाइलचं काय होईल?’’

‘‘तोच तर आमचा मुद्दा आहे.’’ टेसानं तिसरं कोलाच घेतलं.

चार दिवसांनी निवडणूकवाल्यांचा हॅडली ग्रुब आला, निवृत्त शिक्षक, आवाज अजून वर्गातलाच. तोही त्याच खुर्चीत बसला. ‘‘बाई, तुमच्या मिस्टरांच्या फाइलवर धूळ का बसली? तर आत्ताचा वकील गव्हर्नरच्या ताटाखालचं मांजर आहे म्हणून. लोकांनी निवडलेला असता तर दुसऱ्या दिवशी खटला उभा राहिला असता.’’

‘‘आधीचा निवडलेलाच होता.’’

‘‘तो पळाला,’’ हॅडली म्हणाला. ‘‘पळालेला धरायचा नाही.’’

दोघांनीही जाताना एल्डनचा फोटो मागितला. घरात धड असा एकच होता, मासा धरलेला. आर्लीननं दोघांना तोच दिला. फेब्रुवारीत टपालानं दोन पत्रकं आली, एक निळं आणि एक पिवळं, दोन्हींवर एल्डन तोच मासा धरून हसत होता. एकावर लिहिलं होतं, ‘मतांनी याचा बळी घेतला’, दुसऱ्यावर, ‘याला मत असतं तर’. डेलोरस म्हणाली, ‘‘मासासुद्धा कंटाळला असेल.’’

सुनावणी पंधरा फेब्रुवारीला होती. कुणीही यावं, कागद भरावा, आपलं म्हणणं तीन मिनिटांत मांडावं, अशी त्या विधानसभेची जुनी आणि चांगली रीत आहे. आर्लीनला मांडायचं काही नव्हतं. तिला फक्त विचारायचं होतं, चौदा मार्चच्या आत कुणी सही करणार आहे का. फोनवर विचारून झालं होतं, पत्रानं झालं होतं. समोर बसलेल्या माणसाला विचारलं तर त्याला तोंड उघडावं तरी लागेल, असा तिचा हिशेब. डेलोरसनं गाडी काढली. चार तासांचा रस्ता, दोन्हीकडं पांढरी शेतं. रेडिओवर डुकरांचे भाव.

दाराशी बसलेल्या बाईनं हिरवा कागद दिला. नाव, पत्ता, विधेयकाचा नंबर, आणि खाली तीन चौकटी: बाजूनं, विरुद्ध, तटस्थ.

‘‘मला एक प्रश्न विचारायचाय फक्त,’’ आर्लीन म्हणाली.

‘‘इथं प्रश्न समिती विचारते, मॅडम. तुम्ही सांगायचं.’’

‘‘काय सांगायचं?’’

‘‘ते चौकटीवर अवलंबून आहे.’’

डेलोरस मागून म्हणाली, ‘‘कुठंही खूण कर गं. वाऱ्याचं काही खरं नाही, रस्ता बंद व्हायच्या आत घरी जाऊ.’’

आर्लीननं तटस्थवर खूण केली. ज्याचं भांडण नाही त्याचं आधी उरकून घेतात, असं तिला वाटलं. दवाखान्यातही नुसती चिठ्ठी न्यायला आलेल्याला पुढं सोडतात. इथला क्रम वेगळा निघाला. आधी सगळे बाजूचे, मग सगळे विरुद्धचे, आणि ते संपले की ना अध्यात ना मध्यात असलेले. बाजूनं एकोणीस जण होते. विरुद्ध तेवीस. तटस्थ एक.

दोन वाजता सुरू झालं. टेबलावर छोटा दिवा, हिरवा लागला की बोलायचं, पिवळा लागला की आवरायचं, लाल लागला की थांबायचं. टेसा ओल्डफील्ड पहिली. तिनं एल्डनचं नाव चार वेळा घेतलं. पुढच्यानं तीन वेळा. एक जण त्याला ‘एल्टन’ म्हणाला. एकानं सांगितलं की आपण एल्डनला ओळखत होतो. आर्लीननं डेलोरसकडं पाहिलं, डेलोरसनं खांदे उडवले. मका किती फूट होता ते प्रत्येकाचं वेगळं येत होतं. आधी बारा होता, साडेतीनपर्यंत तो तीस फुटांवर गेला. आर्लीन ऐकत होती. कुणी दुसऱ्याच गावच्या माणसाची गोष्ट सांगावी तसं ते तिला ऐकू येत होतं, आणि त्या माणसाबद्दल तिला थोडं वाईटही वाटत होतं.

पावणेचारला ती व्हरांड्यात आली तर खाऊच्या यंत्रापाशी डुएन ब्लाहा. नवा कोट, टाय, हातात शेंगदाण्याच्या बिस्किटांचा पुडा. दोघं एकाच शाळेत, एका बाकाचं अंतर. तिला बघून त्यानं पुडा पुढं केला, कारण दुसरं काय पुढं करावं ते त्याला सुचलं नसावं.

‘‘घे. जेवली नसशील.’’

‘‘तू इथं कसा?’’

‘‘सरकारी वकिलांच्या संघटनेनं धाडलंय. निवडणूक राहिलीच पाहिजे, असं सांगायला. विरुद्धच्यांत माझा सहावा नंबर. तू कुठल्या बाजूनं?’’

‘‘मधून.’’

‘‘मधून कोण बोलतं?’’

‘‘मी एकटीच आहे.’’

डुएननं एक बिस्कीट उगाचच नीट बघितलं. ‘‘आर्लीन, मी फाइल वर पाठवली ती तुझ्यासाठीच. लांबचा माणूस सही करेल. त्याला काय, त्याला रॉजरसमोर रविवारी चर्चमध्ये बसायचं नाही.’’

‘‘लांबच्या माणसानं केली नाही.’’

‘‘करेल.’’

‘‘सत्तावीस दिवस आहेत.’’

‘‘सत्तावीस दिवस म्हणजे कमी नाहीत,’’ डुएन म्हणाला, आणि हे आपण काय बोललो म्हणून बिस्कीट तोंडात टाकलं.

‘‘तू का नाही करत सही, डुएन?’’

त्यानं चावून होईपर्यंत वेळ घेतला. ‘‘काउंटीत संस्थेचे सभासद किती आहेत, माहितेय ना? सहाशे. मतदार किती? नऊशे. मला नोव्हेंबरात त्यांच्यापुढं जायचंय.’’

‘‘चोवीस वर्षांत तुझ्याविरुद्ध कुणी उभं राहिलेलं नाही.’’

‘‘असल्या कागदांवर सही करत नाही म्हणूनच उभं राहत नाही,’’ डुएन म्हणाला. तो हे लाजून म्हणाला, तेवढं त्याच्या बाजूनं लिहायला हवं.

त्याची पाळी पाच वाजायला चार मिनिटं असताना आली. टाय सरळ करून तो बोलला, आणि बरा बोलला. आपण सहा वेळा निवडून आलो आहोत. दर चार वर्षांनी लोकांच्या दारात जावं लागतं म्हणून माणूस ताळ्यावर राहतो. नेमलेल्या माणसाला धनी एक असतो, निवडलेल्याला नऊशे. टाळ्या वाजवायला बंदी होती, तरी मागच्या रांगेत एक वाजली. लाल दिवा लागला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पाच झाले होते.

आर्लीनचं नाव पुकारलं तेव्हा सात वाजत आले होते. समितीच्या आठ सिनेटरांपैकी तिघे उरले होते. त्यातला एक डब्यातलं सूप पीत होता.

‘‘नाव सांगा आणि स्पेलिंग सांगा,’’ अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

तिनं सांगितलं. हिरवा दिवा लागला.

‘‘तुम्ही म्हणता मला प्रश्न विचारता येणार नाही,’’ आर्लीन म्हणाली. ‘‘मग मी फाइलचा नंबर सांगते.’’ तिनं नंबर सांगितला. ‘‘मुदत चौदा मार्चला संपते. आज पंधरा फेब्रुवारी. मका साडेअकरा फूट होता. संपलं.’’

दिवा अजून हिरवाच होता. तीन मिनिटांतलं अर्धं मिनिटही गेलं नव्हतं. कुणाला काय करावं कळेना, कारण त्या खोलीत वेळ उरलेला कुणी पाहिला नव्हता.

सूपवाल्या सिनेटरनं चमचा ठेवला. ‘‘मिसेस वोंद्रा, तुमच्या दृष्टीनं काय चांगलं झालं असतं? निवडलेला की नेमलेला?’’

आर्लीननं खरोखर विचार केला. ‘‘कुठलाही चालेल,’’ ती म्हणाली. ‘‘चौदा तारखेच्या आतला.’’

‘‘म्हणजे तुम्ही तटस्थ,’’ अध्यक्षीणबाई म्हणाल्या आणि तसं लिहून घेतलं.

परतीच्या वाटेवर डेलोरस एकटीच बोलत होती, सिनेटरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. आर्लीन खिडकीबाहेर बघत होती. बाहेर काही दिसत नव्हतं, त्यामुळं बघायला सोपं होतं.

दहा दिवसांनी मोठ्या वकिलाच्या कचेरीतून पत्र आलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यावर खरी सही होती. लिहिलं होतं की आपण या कार्यालयासंबंधीच्या प्रलंबित विधेयकावर साक्ष दिली आहे. अशा वेळी आपल्या प्रकरणात कोणताही निर्णय घेतल्यास त्या विधेयकावर प्रभाव टाकल्याचा समज होऊ शकतो. सबब, निःपक्षपातीपणा जपण्यासाठी, अधिवेशन संपेपर्यंत, म्हणजे मेअखेरपर्यंत, निर्णय राखून ठेवण्यात येत आहे. आपल्या सहभागाबद्दल आभार.

डेलोरसनं पत्र दोनदा वाचलं. ‘‘म्हणजे तू बोललीस म्हणून?’’

‘‘हो.’’

‘‘आणि बोलली नसतीस तर?’’

‘‘तर बोलले नाही म्हणून.’’

आर्लीननं टेसाला फोन केला, मग हॅडलीला. दोघांनाही धक्का बसला. दोघांनीही पत्राची प्रत मागितली. टेसा म्हणाली, यापेक्षा ठळक उदाहरण मिळणार नाही. हॅडली म्हणाला, ‘‘बाई, याचं पोस्टर होईल.’’ शिवाय दोन्ही समित्यांना आपल्याला हव्या त्या कायद्याला ‘एल्डनचा कायदा’ असं नाव द्यायचं होतं, संमतीचा कागद टपालानं येईल. चौदा तारखेच्या आत काही करता येईल का, असं तिनं विचारलं. ‘‘तसं आहे,’’ हॅडली म्हणाला, ‘‘पण तुम्ही मोठ्या चित्राकडं बघा.’’ मोठं चित्र कुठं लावलंय ते त्यानं सांगितलं नाही.

डुएनची बातमी काउंटीच्या साप्ताहिकात मार्चच्या पहिल्या आठवड्यात आली. तोवर ती सगळ्यांना माहीत होती.

त्या राज्यात निवडणुकीचा अर्ज भरायच्या तारखा दोन आहेत. नव्या उमेदवाराला एक मार्च. पण जो आधीच कुठल्या खुर्चीवर बसलेला आहे त्यानं पंधरा दिवस आधी भरायचा, पंधरा फेब्रुवारीला संध्याकाळी पाचच्या आत. इतरांना कळावं की याचा उठायचा विचार आहे की नाही. डुएन दर खेपेला तो अर्ज शेवटच्या दिवशी, जेवणानंतर, चालत जाऊन भरी. काउंटी कार्यालयातली मार्सी तो आधीच नाव टाइप करून ठेवी, डुएननं नुसती सही करायची. या खेपेलाही तिनं ठेवला होता. साडेचारला त्याला फोन केला, पावणेपाचला केला. सुनावणीच्या खोलीत फोन बंद ठेवायचे असतात. पाच वाजले, मार्सीनं खिडकी खाली ओढली. निवडणूक राहिलीच पाहिजे असं डुएन त्या वेळी राजधानीत सांगत होता.

एक मार्चपर्यंत दुसऱ्या कुणी अर्ज भरला नाही. डुएनच्या जागेवर उभं राहायची काउंटीला सवयच नव्हती. मतपत्रिकेवर त्या ओळीखाली कुणाचंच नाव येणार नव्हतं.

गाव आठवडाभर हसलं. कॅफेत कुणीतरी डुएनच्या नेहमीच्या टेबलावर कॅलेंडर ठेवलं, पंधरा तारखेला लाल गोल करून. त्याची बायको त्याच्याशी बोलेना. आर्लीनला हसू आलं नाही आणि कीवही आली नाही. डेलोरसनं मात्र बातमी वाचता वाचता चष्मा काढला.

‘‘आर्लीन. त्याला कशाची भीती होती म्हणालीस?’’

‘‘नोव्हेंबरची.’’

‘‘त्याला आता नोव्हेंबर कुठं आहे?’’

चौदा मार्च शुक्रवारी आला. ईस्टरआधीच्या उपासांतला शुक्रवार, म्हणजे चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण, आणि साडेचारपासून अर्धं गाव तिकडं. कोर्टाची इमारत रिकामी होत चालली होती. आर्लीन पावणेचारला डुएनच्या खोलीत गेली आणि समोरच्या खुर्चीवर बसली. अंगातला कोट तिनं काढला नाही.

‘‘बस,’’ डुएन म्हणाला. ती बसलेलीच होती.

टेबलावर पसारा नव्हता. भिंतीवरच्या सहा चौकटींतली सहा प्रमाणपत्रं तेवढी जागच्या जागी होती.

‘‘वरून पत्र आलं?’’ त्यानं विचारलं.

‘‘मेपर्यंत राखून ठेवलंय.’’

‘‘मेमध्ये काय राहणार आहे?’’

‘‘काही नाही.’’

डुएननं खुर्ची मागं सरकवली. ‘‘लोक हसतायत मला. तुला माहितेय?’’

‘‘हो.’’

‘‘तू नाही हसलीस?’’

‘‘मला येत नाही सध्या.’’

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. समोर रस्त्यापलीकडं संस्थेच्या कोठ्या दिसत होत्या. त्या गावात कुठल्याही खिडकीतून दिसतात. ‘‘एक गंमत सांगू? सोमवारी सकाळी दाढी करताना लक्षात आलं, की आता कुणालाही नमस्कार करायची गरज नाही. चोवीस वर्षं मी फुटपाथवर प्रत्येक टोपीला हात करत आलो. त्या दिवशी केला नाही. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.’’

आर्लीननं घड्याळ बघितलं, चार वाजायला आले होते.

डुएननं खालचा खण उघडला. जुनं फोनबुक, मधमाश्यांच्या चावण्यावरचं औषध, आणि त्याखालून दोन पानं. टाइप केलेली, कडेनं पिवळी पडलेली. त्यानं ती तिच्यापुढं ठेवली. वर राज्याचं नाव, खाली रॉजर ब्लाहा याचं नाव, आणि काय केलं म्हणून मनुष्य मेला ते सरळ चार वाक्यांत. तारीख तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलची.

‘‘तेव्हाच लिहिलं होतं,’’ तो म्हणाला. ‘‘पुरं करून ठेवलंय. सही तेवढी राहिली.’’

‘‘मग वर का पाठवलंस?’’

‘‘तुला सांगितलं ना व्हरांड्यात.’’

‘‘आता करता येईल? फाइल तर त्यांच्याकडे आहे.’’

‘‘त्यांनी घेतली असं कुठं लिहून दिलंय? तीन वर्षं विचाराधीन म्हणजे घेतलीच नाही. घेतली नाही म्हणजे माझ्याकडंच आहे.’’ डुएनला हा मुद्दा आवडलेला दिसला. वकिलाला आपला मुद्दा आवडला की तो माणूस जरा बरा दिसतो. ‘‘रॉजरचा वकील म्हणेल, हा त्याचा भाऊ आहे, यानं हात लावायचा नव्हता. म्हणू दे. भाऊ असून सोडलं नाही, असं कोर्टाला वाटलं तर वाटेल.’’

त्यानं तारीख खोडून आजची घातली. मग सही केली. सही करायला काहीच वेळ लागला नाही. आर्लीन बघत होती. याच्यासाठी तीन वर्षं गेली, असं म्हणायला हवं होतं खरं, पण तिच्या मनात आलं ते एवढंच, की डुएन अजून शाळेतल्यासारखाच पेन मुठीत धरतो.

दोघं जिना उतरून कोर्टाच्या खिडकीशी गेले. खिडकीतल्या बाईनं पर्स खांद्याला लावली होती, ती तिनं पुन्हा खाली ठेवली. नाव वाचलं, डुएनकडं बघितलं, आर्लीनकडं बघितलं, आणि शिक्का मारला. चौदा मार्च, चार वाजून बावीस मिनिटं. मग दुसऱ्या प्रतीवर. तिसऱ्या प्रतीवर शाई फिकी उठली म्हणून पुन्हा मारला.

‘‘रॉजर आत्ता हॉलमध्ये मासे तळतोय,’’ बाई कुणाला उद्देशून नाही अशी म्हणाली.

‘‘तळू दे,’’ डुएन म्हणाला. ‘‘समन्स सोमवारी जाईल. लोकांना जेवू दे.’’

बाहेर पायऱ्यांवर वारा होता. डुएननं कोटाची बटणं लावली, एक चुकीच्या भोकात. ‘‘हे बघ आर्लीन, तुला सांगायला हवं. मी डिसेंबरअखेरपर्यंतच आहे. असला खटला तेवढ्यात संपत नाही.’’

‘‘मग पुढं कोण चालवणार?’’

‘‘मतपत्रिका कोरी. कुणाचं नाव हातानं लिहून कुणी निवडून आलं तर आलं. नाही आलं तर काउंटीचं मंडळ माणूस नेमणार.’’

‘‘मंडळ म्हणजे?’’

‘‘पाच जण.’’ डुएन रस्त्याकडं बघत होता. ‘‘तीन वर्षांपासून रॉजर अध्यक्ष आहे.’’

आर्लीननं ते ऐकलं. आता आत काहीतरी व्हायला हवं, अशी तिनं जरा वाट पाहिली, रस्ता ओलांडायच्या आधी गाडी येतेय का म्हणून थांबतात तेवढी. काही आलं नाही. हातातल्या प्रतीची घडी वाऱ्यानं उघडत होती, ती तिनं नीट दाबली.

‘‘डिसेंबरअखेर म्हणजे साडेनऊ महिने,’’ ती म्हणाली.

‘‘साडेनऊ.’’

‘‘सोमवारी तू किती वाजता उघडतोस?’’

‘‘नऊला.’’

‘‘आठला उघड,’’ आर्लीन म्हणाली, आणि पायऱ्या उतरून गाडीकडं गेली.